अ‍ॅनालॉग सिंथेसायझर परदेशातून मागवताना : अर्ज, कर आणि दिवाळी पहाट

मी पुण्यात सुगम संगीताच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवते आणि घराला लागून असलेल्या छोट्या स्टुडिओत संगीत संयोजनाचे काम करते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी आर्टुरिया या फ्रेंच कंपनीचा पॉलिब्रूट १२ हा अ‍ॅनालॉग सिंथेसायझर (प्रत्यक्ष सर्किटात सूर तयार करणारे कीबोर्डसारखे वाद्य) युरोपातून मागवायचे ठरवले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात तो पहिल्यांदा रंगमंचावर वाजवला. मधल्या काळात बँक, विदेश व्यापार महासंचालनालय, सीमाशुल्क विभाग आणि जीएसटीचे पोर्टल अशा ठिकाणांशी संबंध आला, जिथे वादकाला सहसा जावे लागत नाही. वाद्य मागवण्याआधी मला या सगळ्याची जी धास्ती होती, ती पुढच्याला थोडी कमी वाटावी म्हणून झाले तसे क्रमाने लिहीत आहे. करांचे दर २०२४ मधले आहेत आणि ते अर्थसंकल्पागणिक बदलतात, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

आधी हेच वाद्य का, ते सांगते, कारण एवढा खर्च आणि खटाटोप दुसऱ्या कुठल्या कीबोर्डसाठी मी केला नसता. कीबोर्ड वाजवणाऱ्याला आपल्या संगीतात मींड घेता येत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकता येत नाही, हे जुने दुखणे आहे. पिच बेंडच्या चाकाने सूर सरकतो, पण त्याच्याबरोबर खाली धरलेली सगळी कॉर्डही, म्हणजे एकत्र वाजणारे बाकीचे सूरही, सरकते. डाव्या हातातली कॉर्ड जागच्या जागी राहावी आणि उजव्या हातातला एकच सूर गंधारावर चढावा, असे हवे असेल, तर प्रत्येक पट्टीवरचा दाब वाद्याला स्वतंत्रपणे कळावा लागतो. यामाहाच्या सीएस-८० या वाद्यात ही सोय १९७७ सालीच होती. ते आठ आवाजांचे होते आणि वजनाला जवळपास शंभर किलो. पुढच्याच वर्षी आलेल्या प्रॉफेट-५ ने मायक्रोप्रोसेसर वापरून ध्वनी साठवून ठेवण्याची सोय दिली आणि तीच वाट पुढे रुळली, पण त्याच्या पट्ट्यांना ना आघात कळत होता ना दाब. त्यानंतर बहुस्वरी अ‍ॅनालॉग वाद्ये पुष्कळ आली. प्रत्येक पट्टीचा स्वतंत्र दाब ओळखणारी मात्र फारच थोडी.

पॉलिब्रूट १२ हे २०२४ साली आले. त्यात बारा आवाज आहेत, म्हणजे एका वेळी बारा सूर स्वतंत्र अ‍ॅनालॉग सर्किटांतून वाजू शकतात. प्रत्येक आवाजाला दोन ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारी सर्किटे) आणि दोन वेगळ्या स्वभावाचे फिल्टर (आवाजाचा पोत घडवणारी सर्किटे) आहेत, त्यांतला एक स्टायनर-पार्कर पद्धतीचा आणि दुसरा लॅडर. पट्ट्या ६१. या पट्ट्यांचे वैशिष्ट्य असे, की पट्टी तळाला टेकल्यावरचा दाब तर कळतोच, शिवाय वरून खाली येतानाचा सगळा प्रवासही वाद्याला कळतो. त्यामुळे पट्टी अर्धी दाबून सूर अर्धवट उघडता येतो. ही सोय मी एका परिचित संगीतकाराच्या स्टुडिओत स्वतः अनुभवली आणि मगच हिशेब मांडायला बसले. तुमचे काम फक्त ध्वनिमुद्रणाचे असेल, तर एवढ्यात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एमपीई ही, प्रत्येक सुरावर स्वतंत्र नियंत्रण देणारी, पद्धत पाळणारा एखादा कंट्रोलर आणि चांगले सॉफ्टवेअर बरेच स्वस्तात पडते आणि मुद्रणात फरक ओळखणारे कान मोजकेच असतात. रंगमंचावर लॅपटॉप नको आणि हाताखाली एकच भरवशाचे वाद्य हवे, ही माझी गरज होती.

देशातल्या एका विक्रेत्याकडे चौकशी केली, तेव्हा मोठी आगाऊ रक्कम आणि अनिश्चित मुदत असे उत्तर आले. मग परदेशातून आणायचे मार्ग तपासले. पहिला मार्ग सगळ्यांच्या तोंडी असतो तो, म्हणजे येणाऱ्या नातेवाइकाबरोबर सामान म्हणून आणणे. प्रवाशाला तेव्हा ५०,००० रुपयांपर्यंतची सूट होती आणि त्यावरच्या किमतीवर ३८.५ टक्के शुल्क. शुल्काचे एक वेळ सोसले असते, पण वाद्यच वीस किलोंहून जड, त्यात पेटीचे वजन मिळवले की विमान कंपन्यांची एका नगाची ३२ किलोंची मर्यादा जवळ येते, आणि एवढे महाग वाद्य चेक-इन सामानात टाकायला माझ्या भावाने साफ नकार दिला. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही.

दुसरा मार्ग कुरियरने वैयक्तिक वापरासाठी मागवण्याचा. त्याला आयात-निर्यात क्रमांक लागत नाही, ही त्याची सोय. परंतु वैयक्तिक आयातीचा शुल्कमथळा (सीमाशुल्काच्या यादीतला वस्तूच्या वर्गाचा क्रमांक) ९८०४ हा वेगळा आहे आणि त्याखाली मूळ सीमाशुल्क ३५ टक्के, त्यावर अधिभार आणि पुन्हा २८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा एकात्मिक जीएसटी) असे सारे मिळून ७७.२८ टक्के होत होते. तीन लाखांच्या वाद्यावर सव्वादोन लाखांहून अधिक कर, हा आकडा कागदावर लिहून पाहिला आणि तो कागद बाजूला ठेवला.

तिसरा मार्ग व्यावसायिक आयातीचा. माझ्या स्टुडिओची जीएसटी नोंदणी आधीपासून होती, म्हणून तो मला खुला होता. वाद्य विमान-मालवाहतुकीने मुंबईला आणायचे, शुल्कमथळा ९२०७ म्हणजे विद्युत साहाय्याने वाजणारी वाद्ये असा घोषित करायचा आणि सीमाशुल्क दलालामार्फत सोडवून घ्यायचे. यात मूळ शुल्क १० टक्के, त्या शुल्काच्या दहाव्या हिश्श्याइतका समाजकल्याण अधिभार आणि १८ टक्के आयजीएसटी. शिवाय हा आयजीएसटी व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूवरचा असल्यामुळे नंतर इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून, वळता करता येतो. अट अशी, की आयकरात त्याच कराच्या रकमेवर घसारा घ्यायचा नाही, दोन्हींपैकी एकच. माझ्या सनदी लेखापालांनी हा मुद्दा दोनदा बजावला, म्हणून मीही इथे बजावते.

आयात-निर्यात क्रमांकाचा, म्हणजे आयईसीचा अर्ज मी १३ ऑगस्टला भरला. तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या होतो, शुल्क ५०० रुपये, आणि लागते ते पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला धनादेश आणि आधारवरची ई-स्वाक्षरी. पॅनवरचे नाव, बँक खात्यावरचे नाव आणि जीएसटीतले नाव अक्षरशः एक असावे. माझ्या एका कागदावर मधले नाव पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षर होते. ते सारखे करून घेण्यात जो वेळ गेला, त्यापुढे क्रमांक मिळायला लागलेला वेळ काहीच नव्हता. हा क्रमांक दर वर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर जाऊन अद्ययावत करावा लागतो, माहितीत काही बदल नसला तरीही. नाही केला तर तो निष्क्रिय होतो. मोबाइलवर आठवण लावून ठेवावी.

दुकान जर्मनीतले. युरोपीय संघाबाहेर माल जाणार असल्यामुळे तिथला १९ टक्के व्हॅट बिलातून वजा झाला आणि बिल ३,३०० युरोंच्या घरात आले. प्रोफॉर्मा बिल, म्हणजे विक्रीआधीचे कच्चे बिल, मागवताना मी चार गोष्टी आवर्जून लिहून घेतल्या : वाद्याचे नेमके वर्णन, शुल्कमथळा, मूळ देश आणि अनुक्रमांक. यातल्या मूळ देशाच्या रकान्यात विक्रेत्याचा किंवा कंपनीचा देश लिहायचा नसतो. वाद्य जिथे तयार झाले तो देश, जो खोक्यावर छापलेला असतो, तोच तिथे हवा. अनुक्रमांक तर फारच महत्त्वाचा. उद्या दुरुस्तीसाठी वाद्य परत पाठवायची वेळ आली, तर दुरुस्त होऊन येताना फक्त दुरुस्तीचा खर्च आणि येण्याजाण्याचे भाडे-विमा यांवर शुल्क लागते, पण गेलेले वाद्य तेच परत आले हे सिद्ध करावे लागते आणि ते अनुक्रमांकावरूनच होते. दुकानाने अनुक्रमांक पाठवणीच्या वेळीच देता येईल असे कळवले. तो अंतिम बिलात आला, तेवढे पुरते.

पैसे २८ ऑगस्टला पाठवले. बँकेत आयातीच्या आगाऊ भरण्याचा अर्ज, प्रोफॉर्मा बिल आणि आयईसी द्यावे लागले. शाखेत असे व्यवहार क्वचित होत असावेत, कारण माझे कागद तिथून मोठ्या शाखेत गेले आणि तिथून काही किरकोळ प्रश्न परत आले. लहान शाखेत खाते असेल, तर परकीय चलनाचे काम कोणत्या शाखेत चालते ते आधी विचारून थेट तिथल्या अधिकाऱ्याला भेटावे. आणखी एक गोष्ट बँकेने नीट समजावली : पैसे गेले म्हणजे काम संपले असे नसते. माल देशात आल्याचा पुरावा, म्हणजे बिल ऑफ एंट्री, रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस प्रणालीत त्या भरण्याशी जुळेपर्यंत ती नोंद उघडी राहते आणि बँक पाठपुरावा करत राहते.

मग गणपती आले. ७ सप्टेंबरपासून अनंत चतुर्दशीपर्यंत मला रोज कुठे ना कुठे कार्यक्रम होते, त्यामुळे वाट पाहणे जाणवले नाही. १६ तारखेला दुकानाने माल निघाल्याचे कळवले आणि मी दलालाकडे कागद सोपवले. या व्यवसायात त्यांना अजूनही सगळे सीएचए (कस्टम्स हाउस एजंट) असेच म्हणतात. माझे सीएचए चेंबूरचे, वयाने वडीलधारे; त्यांनी पहिल्याच फोनवर विचारले, “मॅडम, खोके लाकडी फळीवर आहे का?” मला त्यातले काही कळले नाही. लाकडी पॅलेटवर माल आला, तर ते लाकूड कीड मारण्यासाठी तापवून घेतलेले असावे लागते आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि एचटी ही अक्षरे असलेला शिक्का लागतो. तो नसेल, तर वाद्यात काहीही दोष नसताना माल अडकतो. मी लगेच दुकानाला लिहिले, त्यांनी पॅलेटचा फोटो पाठवला, त्यावर शिक्का स्पष्ट दिसत होता. हा प्रश्न माल निघण्याआधी विचारलेला बरा.

बिल ऑफ एंट्री माल पोहोचायच्या आधीच भरता येते, आणि भरावेच. उशीर झाला, तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये असा आकार आहे. शिवाय मालधक्क्याचे भाडे वेगळे. आम्ही २० सप्टेंबरला भरले, विमान २३ ला उतरले. मूल्यनिर्धारणाचा हिशेब असा झाला : वाद्याची किंमत ३,०७,०००, विमानभाडे ३४,५०० आणि विमा ३,५००, मिळून ३,४५,००० रुपये. यावर १० टक्के शुल्क ३४,५००, त्यावर अधिभार ३,४५०, आणि या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी ६८,९३१. एकूण कर १,०६,८८१ रुपये, पैकी आयजीएसटी पुढे वळता होणारा. युरोचा दर बँकेचा धरत नाहीत, सीमाशुल्क विभागाने अधिसूचित केलेला धरतात. आणि विमानभाडे वाद्याच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त झाले, तरी करासाठी ते २० टक्केच धरले जाते, ही जड वाद्यांच्या दृष्टीने चांगली सवलत आहे.

२४ तारखेला प्रश्न आला. आता मूल्यनिर्धारण चेहराविरहित पद्धतीने होते, म्हणजे मुंबईत आलेल्या मालाची कागदपत्रे दुसऱ्याच शहरातले अधिकारी तपासत असू शकतात. समोर बसून समजावण्याची सोय नाही, जे सांगायचे ते कागदावरच. प्रश्न दोन होते. हे वाद्य भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीत येते का, आणि त्यात बिनतारी संदेशवहनाचे यंत्र आहे का. दोन्ही प्रश्न रास्त होते. सक्तीच्या यादीत ‘इलेक्ट्रॉनिक म्युझिक सिस्टिम’ ही नोंद आहे खरी, पण ती २०० वॅट आणि त्याहून अधिक वीज घेणाऱ्या उपकरणांसाठी. हा सिंथेसायझर त्याच्या पुष्कळ खाली आहे. ब्लूटूथ किंवा वायफाय त्यात नाहीच. मी माहितीपुस्तिकेतले वीजवापराचे पान, जोडण्यांचे पान आणि वाद्याच्या मागच्या बाजूचा फोटो अशी जोडपत्रे करून दिली, सोबत अर्ध्या पानाचे निवेदन. सीएचएंनी ती ई-संचित या सुविधेतून चढवली आणि २७ तारखेला निर्धारण पूर्ण झाले. ही पाने आधीच काढून ठेवलेली असली, तर एखादा दिवस वाचतो. शुल्काचे पैसेही तयार हवेत, कारण निर्धारण झाल्यावर भरण्याची मुदत अगदी थोडी असते आणि नंतर वार्षिक १५ टक्क्यांनी व्याज लागते.

माल प्रत्यक्ष तपासणीसाठी निवडला गेला होता. ती ३० तारखेला झाली आणि मी मुद्दाम मुंबईला गेले. जाण्याची सक्ती नसते. मला फक्त ते खोके कोण आणि कसे उघडते याची काळजी होती. टेप कापली, वरचा फोम उचलला आणि काळ्या पॅनेलवरच्या बटणांची ती लांबलचक जाळी दिसली. तपासणी अधिकाऱ्यांनी अनुक्रमांक बिलाशी ताडून पाहिला, मूळ देश पाहिला आणि मग सहज विचारले, “मॅडम, हा कॅसिओच ना? मग एवढा महाग कसा?” मी सांगितले, की यात आवाज साठवलेले नाहीत, प्रत्येक सूर सर्किटात त्याच क्षणी तयार होतो. त्यांनी मान डोलावली आणि फोम जसा होता तसा परत बसवायला लावला, याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटले. १ ऑक्टोबरला माल सोडण्याचा आदेश निघाला, २ ला गांधी जयंतीची सुट्टी, आणि टेम्पो ४ तारखेला पुण्यात आला. घटस्थापना आदल्या दिवशी झालेली होती. हे सगळे महिनाभर आधी झाले असते तर बरे, असे मला वाटत होते. माझ्या आत्याला मात्र पितृपक्ष उलटून वाद्य घरात आले, याचेच मोठे समाधान होते. सीएचएंची फी, विमानतळावरचा हाताळणी आणि साठवणुकीचा खर्च आणि टेम्पो मिळून २१,००० रुपये लागले. कागदोपत्री खर्चाचा अंदाज बांधताना हा भाग लोक विसरतात.

खोके घरात आल्यावर ते त्या दिवशी चालू केले नाही. मालधक्क्याच्या गोदामातून टेम्पोत आणि टेम्पोतून वातानुकूलित खोलीत, असे तापमान बदलत आलेले वाद्य रात्रभर तसेच ठेवले. आधी स्टुडिओतल्या प्लगचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतले. वीजपुरवठा २३० व्होल्टला चालतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरची भानगड नाही.

अ‍ॅनालॉग वाद्य म्हणजे काय, हे मला पहिल्या आठवड्यात कळले. ऑसिलेटरचा सूर व्होल्टेजने ठरतो, आणि व्होल्टेजचे रूपांतर सप्तकांच्या पटीत करणारा ट्रान्झिस्टर तापमानाप्रमाणे आपले वागणे बदलतो. काहीच उपाय केला नाही, तर एका अंशाला साधारण ०.३३ टक्के. म्हणून अशा सर्किटांत तापमानाप्रमाणे बदलणारे रोधक घालतात, आणि आजच्या वाद्यांत त्यावर संगणकीय कॅलिब्रेशनही (ढळलेला सूर पुन्हा नेमका करून घेण्याची सोय) असते. तरीही चालू केल्याबरोबर वाजवायला बसू नये. मी अर्धा-पाऊण तास तापू देते आणि मग कॅलिब्रेशन करते. पंख्याचा झोत थेट वाद्यावर येत असेल, तर तो वळवावा. आवाजांमध्ये राहणारा जो किंचित फरक असतो, त्यानेच कॉर्ड भरीव वाटते हे खरे आहे; पण गायिकेच्या षड्जाशी तो फरक चालत नाही, हेही तितकेच खरे.

मींड बसवायला मात्र वेळ लागला आणि यंत्रात त्याचे कारण अजिबात नव्हते. मॉड्युलेशनच्या जाळीत, म्हणजे कशाने काय बदलायचे ते ठरवणाऱ्या बटणांत, पट्टीचा दाब हा स्रोत आणि ऑसिलेटरचा सूर हे लक्ष्य जोडायचे आणि मात्रा एका पूर्ण स्वराएवढी ठेवायची, एवढे दोन मिनिटांत होते. अडचण अशी, की दाबाने सूर वरच जातो. गंधारावरून ऋषभावर उतरायचे असेल, तर ऋषभाची पट्टी आधीच पूर्ण दाबून म्हणजे गंधाराच्या जागी वाजवायची आणि दाब सोडत सोडत खाली यायचे. पेटीवर (हार्मोनियमवर) वाढलेल्या बोटांना हे उलटे वाटते. कोमल स्वरांसाठी अर्ध्या स्वराची मात्रा असलेला दुसरा ध्वनी वेगळा साठवून ठेवला, कारण पूर्ण स्वराच्या मात्रेत नेमके अर्ध्यावर थांबणे मला अजून दर वेळी साधत नाही. वाद्याच्या डावीकडे मॉर्फे नावाची स्पर्शपट्टी आहे आणि पट्ट्यांच्या वरच्या बाजूला लांब रिबन. संथ आलापीच्या पार्श्वभूमीला रिबन चांगली चालते, पण मींडेचे काम पट्टीवरच बरे होते. एका ध्वनीची ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन रूपे साठवून त्यांच्यामध्ये सरकता येते, ते मुखडा आणि अंतरा यांसाठी मी सर्रास वापरते. सरावाला रोज सकाळी तानपुऱ्याचे अ‍ॅप लावून फक्त सारेगमच्या मींडा घेतल्या. शेजारच्या आजोबांनी सारंगी शिकते आहेस का असे विचारले, तेव्हा थोडा धीर आला.

दिवाळी पहाटेचा कार्यक्रम ३१ ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीला, उघड्या मैदानावर होता. वाद्य उचलायला दोन माणसे लागतात आणि साधा एक्स आकाराचा स्टँड त्याला पुरत नाही. चार पायांचा टेबल स्टँड भाड्याने घेतला. मैदानावर वीज जनरेटरची असते, म्हणून वाद्यासाठी ‘ऑनलाइन’ प्रकारचा, सतत स्थिर वीज देणारा यूपीएस वेगळा मागवला. त्याचे भाडे संयोजकांनी देण्यास खळखळ केली, ते मी स्वतः दिले आणि पुढच्या करारात ती ओळ घातली. पहाटे साडेतीनला वाद्य चालू केले, साडेचारला कॅलिब्रेट केले, मग पेटीवाल्यांकडून काळी दोन घेऊन मास्टर ट्यूनिंग तिच्याशी जुळवले. ही शेवटची गोष्ट अत्यंत गरजेची, कारण पेट्या क्वचितच काटेकोर ४४० हर्ट्झवर असतात आणि पेटी काही सिंथेसायझरसाठी हलणार नाही. कार्यक्रम सुरू झाल्यावर रंगमंचावरचे दिवे पेटले, नंतर सूर्य वर आला, आणि सातच्या सुमारास वरच्या सप्तकात किंचित फरक जाणवू लागला. निवेदक बोलत असताना पुन्हा कॅलिब्रेशन करून घेतले. त्या वेळात वाद्य मुके असते, म्हणून निवेदकांना तशी कल्पना आधीच देऊन ठेवली होती.

एका भावगीताच्या अंतऱ्यात कॉर्ड स्थिर ठेवून वरचा एकच सूर मींडेने गेला, तेव्हा तबलजींनी माझ्याकडे पाहिले. प्रेक्षकांपैकी कुणाला काही वेगळे जाणवले असेल असे मला वाटत नाही, आणि त्यात गैर काही नाही. गाणे गायिकेचे होते.

राहिलेली कागदपत्रे नोव्हेंबरात मार्गी लागली. आयजीएसटीची रक्कम जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे मिळू शकणाऱ्या क्रेडिटच्या पोर्टलवरच्या विवरणात, आपोआप दिसू लागली, कारण बिल ऑफ एंट्रीत जीएसटी क्रमांक बरोबर भरला होता. तो रकाना रिकामा राहिला, तर क्रेडिट मिळवायला पायपीट होते असे लेखापाल म्हणाले. बँकेच्या आयडीपीएमएसमधली नोंदही बिल ऑफ एंट्रीची प्रत दिल्यावर बंद झाली. वाद्याचा विमा घेताना घराबाहेरचा वापर आणि वाहतूक यांचा समावेश आहे का, ते पॉलिसीत वाचून पाहिले, कारण बहुतेक धोका तिथेच असतो. दुबईच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाचे विचारणे आले आहे. वाद्य बरोबर न्यायचे ठरले, तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून अनुक्रमांकासह निर्यात प्रमाणपत्र घ्यावे लागेल, म्हणजे परतताना त्याच वाद्यावर पुन्हा शुल्काचा प्रश्न उद्भवणार नाही. त्यासाठी बिल ऑफ एंट्री आणि अंतिम बिल यांच्या प्रती वाद्याच्या पेटीतच एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्या आहेत.